कूलरचं पाणी

“बाबा, हे पाणी खरंच त्या टाकीतलं आहे?”

प्रश्न मैत्रिणींचा, तोंड तिचं. बसमध्येच पैज लागली होती: तुझेच बाबा आहेत ना, मग विचारून दाखव. घरात तिला कर्णा म्हणत ते उगाच नाही. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात पंपांचा एवढा घरघराट, तरी अख्ख्या वर्गाला, सरांना आणि मॅनेजरसाहेबांना ते स्पष्ट ऐकू गेलं.

बाबा ग्लास तोंडाला लावणारच होते. शाळेची सहल असो की मोठं गिऱ्हाईक, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या या विभागात भेटीचा शेवट ठरलेला असे. निळ्या गणवेशातला ऑपरेटर सगळ्यांदेखत शुद्ध पाण्याच्या टाकीतलं म्हणून ग्लासभर पाणी पितो, पाहुणे टाळ्या वाजवतात. ग्लास कुठे भरला जातो हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ऑफिसातल्या कूलरवर, हे सांगायची वेळही आली नव्हती.

बाबांनी ग्लास खाली ठेवला.

“नाही. कूलरचं आहे.”

मॅनेजरसाहेब खाकरले. एरवी मोजकं बोलणारे बाबा मात्र सुरू झाले ते थांबेनात. टाकीतलं पाणी पिण्यासाठी नाहीच, ते परत रंगाच्या हौदात जातं. त्यामुळे नदीतून पूर्वीच्या निम्मंही पाणी उचलावं लागत नाही. मागचा ओढा आधी त्या दिवशीच्या कापडाच्या रंगाचा वाहायचा, आता त्यात बेडूक ओरडतात. पण हे फुकटात होत नाही. पंप वीज खातात, फिल्टर सारखे बदलावे लागतात. आणि रंग बसावा म्हणून घातलेलं मीठ पाण्यातून काढलं, तरी जाणार कुठे? ते पोत्यांत भरून मागच्या शेडमध्ये रचत राहायचं.

टाळ्या वाजल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये तिने पैजेचं चॉकलेट वसूल केलं आणि एकटीने फस्त केलं.

संध्याकाळी बाबा चपला काढता काढता म्हणाले की, उद्यापासून पंप चालवायच्या पॅनेलवर दुसरा माणूस बसेल, मला मिठाच्या शेडमध्ये टाकलंय. विभाग सुरू झाला त्या दिवसापासून त्या पॅनेलपुढची खुर्ची त्यांची होती.

आईने चिरायला घेतलेली भाजी बाजूला सारली. “जिभेला काही हाड आहे का गं तुझ्या? आता खुर्ची गेली, उद्या नोकरी जाईल.”

“तिला कशाला बोलतेस?” बाबा म्हणाले. “तिने विचारलं, उत्तर मी दिलं. पोरीसमोर तो घोट घशाखाली उतरला नसता.”

कर्णा बराच वेळ बंद राहिला. ताप तर नाही ना, म्हणून आईने रागातच तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिने तो हळूच बाजूला केला.

“उद्यापासून तुमचा डबा मी आणणार,” तिने जाहीर केलं. “गेटवर नाही ठेवायची, आत शेडपर्यंत आणणार. मैत्रिणी रस्त्यात विचारतीलच कुठे चाललीस. सांगणार आहे मी त्यांना, तुम्हाला शेडमध्ये का टाकलं ते.”