चिकूचा श्रावण

डॉ. लिडियांनी चिकूच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि बोटं हळूहळू मागे सरकवत नेली. स्टीलच्या टेबलावर तो बोका पाय रोवून उभा होता. त्याचं डोकं आशालताबाईंच्या तळहातात होतं. बोटं एका जागी थांबली तेव्हा त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

"आत नुसते दगड झालेत," डॉक्टर म्हणाल्या. "शी किती दिवस नाही?"

"पाच," ज्ञानदा म्हणाली. "रविवारी फार जोर करत होता. ट्रेमध्ये बसायचा, उठायचा, परत बसायचा."

"आणि लघवी?"

"ती मात्र खूप. ट्रे दिवसातून दोनदा बदलावा लागतो."

डॉक्टरांनी मान हलवली. मशीनवर आलेला आकडा त्यांनी आधीच पाहिला होता. साखर चारशे वीस. साखर एवढी वर राहिली की अंगातलं पाणी लघवीवाटे जातं आणि शी कोरडी पडते, हे त्यांनी ज्ञानदाला नीट समजावून सांगितलं. आशालताबाईंना ते समजावण्याची गरज नव्हती. त्यांच्या यजमानांना, दिनानाथांना, त्यांनी अकरा वर्षं इन्सुलिन टोचलं होतं.

म्हणून तर चिकूची सुई त्यांच्याकडे आली होती. ज्ञानदा आणि तिचा नवरा सुमेध सकाळी साडेसहाला घर सोडत आणि रात्री आठनंतर परतत. सकाळी सात, संध्याकाळी सात, आधी खाणं आणि मग सुई, हे सोमवार ते शुक्रवार सासूबाई बघत. शनिवार-रविवार ज्ञानदा.

"खाण्यात काही बदल?"

"नाही. तुम्ही लिहून दिलंत तेच. एका वेळी चिकनचा एक सीलबंद डबा, वरून पाणी, आणि उकडलेला लाल भोपळा छोटा चमचाभर." ज्ञानदाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "तक्ताच घेऊन आलेय."

फ्रिजवरचा तक्ता डॉक्टरांनी टेबलाच्या कडेला उलगडला. तारीख, डबा, भोपळा, सुई, शी. शेवटचा रकाना सोडला तर सगळीकडे लाल शाईच्या खुणा होत्या, एकाच मापाच्या, रेषेला न शिवणाऱ्या.

"हे कोण भरतं?"

"आई. शाळेत होत्या तीस वर्षं. हजेरीपटसुद्धा असाच असायचा त्यांचा."

"काकी, मी फोटो काढू का याचा? माझ्याकडे येणारी माणसं चिठ्ठीसुद्धा सांभाळत नाहीत. त्यांना दाखवेन."

आशालताबाईंनी चिकूच्या कानामागे खाजवलं. डॉक्टरांनी फोटो काढला.

श्रावण लागायच्या आदल्या आठवड्यात ज्ञानदाने विचारलं होतं, "आई, श्रावणात तुम्हाला ते डबे उघडायला जड जाईल. मी मर्सी आंटींना सांगू का? त्या वर येऊन घालतील." मर्सी तळमजल्यावर राहायची, मूळची वसईच्या पापडीची, जिन्यातल्या चार मांजरांची अन्नदात्री. आशालताबाईंना ते विचारणंच लागलं होतं. आपल्या घरात आपल्याला जमत नाही म्हणून तळमजल्यावरून माणूस आणायचं? "जनावराला कसला आलाय श्रावण," त्या म्हणाल्या होत्या. "मी घालेन."

पहिल्या दिवशी घातलाही. दुसऱ्या दिवशी देवापुढे निरांजन लावताना बोटांना वास आला. साबणाने दोनदा हात धुतले, चिंच चोळली. वास गेला असावा, पण त्यांना येतच राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा हातात घेतला, ठेवला, आणि वाटीत दूधभात कालवला. मांजर आणि दूधभात, यात वावगं काय होतं? तक्त्यावरचा भोपळा तर डॉक्टरांनीच सांगितलेला, शिवाय शुद्ध शाकाहारी. म्हणून चमचाभराची अर्धी वाटी झाली. वर चिमूटभर गूळ, कारण बिनगुळाचा भोपळा त्यांनी आयुष्यात कोणाच्या पानात वाढला नव्हता.

ज्या माणसाला त्यांनी अकरा वर्षं भात मोजून वाढला, चहात साखरेचा दाणा पडू दिला नाही, त्याची आठवण गूळ किसताना त्यांना झाली होती. पण चिकू मांजर होता, आणि श्रावण महिनाभराचाच होता.

खूण मात्र त्यांनी 'डबा' या रकान्यातच केली. डबे मर्सीकडे जात.

"काय आशाताई," पहिल्यांदा डबे नेले तेव्हा मर्सी दारातच हसली होती, "बोक्याला पण श्रावण धरायला लावला का? आमच्या उपासाच्या दिवसांत मी मटण खात नाही, पण माझी मांजरं खातात हां. त्यांचा बाप्तिस्मा नाही झालेला."

"ज्ञानदाला बोलू नकोस," आशालताबाई म्हणाल्या होत्या.

"मी कशाला बोलू?"

आणि ती बोलली नव्हती. आता टेबलाच्या पलीकडून ज्ञानदाच बोलत होती.

"डॉक्टर, मला एक संशय आहे. आमच्या खाली एक आंटी आहेत, त्या जिन्यातल्या मांजरांना भात-मासे घालतात. दार उघडं दिसलं की हा खाली पळतो. तिथेच काहीबाही खात असणार. परवा मी त्यांना बोललेसुद्धा."

बोलली होती, जरा चढ्या आवाजात. आशालताबाई तेव्हा वरच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. मर्सीने एकदा मान वर करून पाहिलं होतं आणि दार लावून घेतलं होतं.

"त्याने एवढी साखर चढणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कधीतरी खाल्लेल्या घासाचं हे काम नाही. पथ्य इतकं काटेकोर आहे, म्हणजे डोस पुरत नाहीये. आज एनिमा देऊ, सलाइन लावू. आणि उद्यापासून एकाचे दोन युनिट करू. दोन्ही वेळेला."

त्या लिहू लागल्या. पेन कागदावर सरकत होतं आणि आशालताबाई ते बघत होत्या.

श्रावण संपायला चार दिवस होते. चार दिवसांनी त्या पुन्हा डबा उघडणार होत्या. चिकनचा डबा, त्यात साखर ना भात, आणि सुई दुपटीची. दिनानाथ एका पहाटे घामाने भिजून, डोळे पांढरे करून पलंगाच्या कडेला थरथरत होते, तेव्हा त्यांनी त्यांच्या ओठांना साखर चोळली होती. आदल्या रात्री ते जेवले नव्हते आणि सुई मात्र रोजच्यासारखी घेतली होती. दिनानाथ तोंडातल्या तोंडात का होईना, काहीतरी पुटपुटले होते. चिकू काय सांगणार? घरात दिवसभर दुसरं कोणी नसतं. समजा, त्या तेव्हा भाजी आणायला गेल्या असल्या तर?

आणि पुढेही दूधभातच घालत राहायचं, खोटं खरं करण्यासाठी, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. ते येऊन गेलं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"दोन नको," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"काकी, घाबरू नका. लहान डोस आहे."

"श्रावण आहे," आशालताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्या ज्ञानदाकडे बघू लागल्या. ज्ञानदा तक्त्याकडे बघत होती. मग तिने सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं. ते अजून चिकूच्या डोक्याभोवती होते.

"काय घालत होतात?" तिने विचारलं.

"दूधभात. भोपळा."

"किती भोपळा?"

"वाटीभर. अर्धी वाटी." त्या थांबल्या. "गूळ घालून."

डॉ. लिडियांनी लिहिलेला कागद फाडला. त्या रागावल्या नाहीत. डोस एकच राहील, म्हणाल्या. भोपळा बंद. भोपळ्याने पोट साफ होतं ते चमचाभराने आणि भरपूर पाण्याबरोबर; कोरड्या पोटात अर्धी वाटी म्हणजे चोथ्यावर चोथा. मधुमेही मांजराला दूधभात तर नकोच. आजपासून दोन्ही वेळा डबाच. मात्र तीन-चार दिवस रोज साखर तपासायची. साखर उतरली की डोस आणखी कमीही होईल. शी मऊ राहायला इसबगोल लागलं तर त्या स्वतः सांगतील. "मनाने काही घालू नका," एवढं त्या शेवटी म्हणाल्या, आणि मग फोन उचलून अंगठ्याने काहीतरी केलं. फोटो पुसला असावा.

दुपारी चारला चिकू मिळाला. तो मलूल होता, पण पोट खाली बसलं होतं. रिक्षात ज्ञानदाने पिंजरा मांडीवर घेतला. नाक्यापर्यंत ती पिंजऱ्याच्या जाळीतून चिकूकडे बघत राहिली. तिथे रिक्षा सिग्नलशिवायच अडकली, कोणीतरी केळ्यांचा टेम्पो आडवा घातला होता.

"मी विचारलं होतं तुम्हाला, आई," ज्ञानदा म्हणाली.

"हो."

"नाही म्हटलं असतंत तर चाललं असतं."

"हो."

बिल्डिंगखाली मर्सी पायरीवर बसून बोंबील साफ करत होती. चारही मांजरं तिच्याभोवती होती. ज्ञानदा पिंजरा घेऊन सरळ जिना चढणार होती. आशालताबाई मात्र थांबल्या.

"मर्सी, हिला मी सांगितलं."

मर्सीने हातातला बोंबील खाली ठेवला. "बरं केलंत."

"परवा ती तुला बोलली, ते मला लागायला हवं होतं."

"लागलं ना मग आज." मर्सीने ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदाला कुठे बघावं कळेना. "सॉरी आंटी," ती म्हणाली.

"सोड गं. थांब, ते घेऊन जा." मर्सी आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत डबे होते, बरेचसे न उघडलेले. "माझी बाळं तोंड लावत नाहीत त्याला. बोंबील-भाताची सवय. विलायती खाणं नको त्यांना."

सात वाजता आशालताबाईंनी ओट्यावर डबा ठेवला. कडी ओढली. वास आला. त्यांनी सगळं मांस चमच्याने काढलं, वर पाणी घातलं, वाटी खाली ठेवली. चिकूने आधी वास घेतला, मग खाल्लं, मग वाटी भिंतीपर्यंत ढकलत चाटली. त्यांनी त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून एक युनिट टोचलं. त्याला कळलंही नाही.

बाहेर ज्ञानदाचा फोन वाजला. सुमेधचा होता.

"आता ठीक आहे," ती सांगत होती. "नाही, आजार वगैरे काही वाढलेला नाही. खाण्यात जरा गडबड झाली होती." मग थोडं थांबून, "माझंच लक्ष नव्हतं रे."

आशालताबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी हात धुतले. एकदाच. मग टेबलावरचा तक्ता पुढ्यात ओढला, चष्मा लावला आणि खणातून निळं पेन काढलं.

हजेरीपटात गिरवायचं नसतं. पांढरी शाई लावायची नसते. चुकलेल्या नोंदीवर खालचं दिसेल अशी एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, म्हणजे कोणी केलं ते कळतं. तीस वर्षं त्यांनी नव्या शिक्षिकांना हेच शिकवलं होतं. स्वतःवर ती वेळ तीनचार वेळाच आली होती.

त्यांनी श्रावणाच्या तिसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. रेघ, सही. शनिवार-रविवार सोडून. रेघ, सही. सही पूर्ण करत होत्या, आडनावासकट, त्यामुळे वेळ लागत होता.

ज्ञानदा आत आली. ती मागे उभी राहून बघत राहिली.

"आई, कशाला? सुमेधला मी सांगितलंय."

"ऐकलं मी. तो आला की हे त्याला दिसेल."

शेवटची सही झाल्यावर त्यांनी कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला. ज्ञानदाने तो वरून खाली वाचला. एका जागी तिने बोट ठेवलं.

"ही राहिली. दुसऱ्या सोमवारची संध्याकाळ."

"ती खरी आहे."

"म्हणजे?"

"त्या दिवशी भाताला शिवेना तो. ओट्याखाली बसून माझ्याकडे बघत राहिला. म्हणून उघडला डबा." आशालताबाई चष्मा पुसू लागल्या. "सगळा खाल्लान."

ज्ञानदाने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी मी जेवले नाही," त्या म्हणाल्या. "पाप झालं म्हणून."

ज्ञानदाचं बोट अजून त्या खुणेवरच होतं.