तीच पट्टी

कोरियातल्या सोल शहरातल्या ‘ओली काडेपेटी’ या रॉक बँडची तालमीची खोली पंचवीस वर्षांत सात मजले खाली गेली. भाड्याने घेतली तेव्हा ते साधं तळघर होतं, रस्त्यापासून मोजून अकरा पायऱ्या. खोली खाली नेली ती गिटार वाजवणाऱ्या सनहीने, आणि वाईट याचं वाटतं की तिने ते मायेपोटी केलं.

गाणारा ग्युहो कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढे होता. तिकडे अशा माणसाला ‘सनबे’ म्हणतात, आणि एकदा म्हटलं की जन्मभर म्हणतात. सनबेच्या आधी येऊन वाद्यं लावून ठेवायची हे धाकट्याचं काम. ग्युहो सगळ्यांच्या शेवटी यायचा, माइक हातात घ्यायचा आणि विचारायचा, “सनही-या, तीच पट्टी ना?” हे ‘या’ लाडाचं.

“तीच,” सनही म्हणायची. मग तो डोळे मिटून गायला लागायचा.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी त्याचा घसा बिघडला. वरचा सूर लागेना, आणि लोक जीव टाकायचे ते नेमके त्याच सुरासाठी. पण सनबेला तोंडावर ‘तुमचा आवाज बसलाय’ म्हणणार कोण? एका दुपारी सनही लवकर आली, गिटारच्या सहाही खुंट्या अर्ध्या स्वराने उतरवल्या आणि गप्प बसली. ड्रम वाजवणारा बांग कोपऱ्यातून बघत होता. त्याने सिगरेट विझवली आणि आपले ड्रम तेवढेच ढिले केले.

“तीच पट्टी ना?”

“तीच.”

त्या दिवशी ग्युहो पहिल्या अल्बममधल्यासारखा गायला. घरी जाताना तिघांना एक मजला जास्त चढावा लागला.

पुढे दर तीनेक वर्षांनी हेच झालं. बास गिटार वाजवणारा तेशिक सैन्यातली सक्तीची दोन वर्षं काढून परत आला, खाली उतरताना दोनदा टेकला आणि महिन्याभरात बँड सोडून गेला. सनहीच्या गिटारच्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या. एका मासिकाने लिहिलं की इतका खोल आवाज देशात दुसऱ्या कुठल्या बँडचा नाही. सनहीने तो अंक खाली नेलाच नाही.

गेली तीन वर्षं ग्युहो वर गेला नव्हता. त्याची फुप्फुसं थकली होती, आठ मजले चढणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि तीन मजली इमारतीला लिफ्ट कोण बसवणार? तो सोफ्यावर झोपायचा. सनही रोज डब्यात भात आणि किमची घेऊन उतरायची. जेवताना तो विचारायचा, आज ऊन कसं आहे? ती सविस्तर सांगायची.

पंचवीस वर्षांचा कार्यक्रम ठरला तो इमारतीसमोरच्याच रस्त्यावर, दुपारी चार वाजता. त्यांचं ‘मोजे’ नावाचं जुनं गाणं आहे. त्यात एक ओळ येते, ‘दार लावू नकोस, मोजे वाळायचेत अजून.’ त्या ओळीला ग्युहो माइक लोकांकडे फिरवायचा आणि ती लोक गायचे, सगळे मिळून, छाती फुटेस्तोवर. ती ओळ त्याला आणखी एकदा लोकांच्या तोंडून ऐकायची होती. बाकी त्याचं काही मागणं नव्हतं.

दोन वाजता बांगने त्याला पाठीवर घेतलं. दुसऱ्या मजल्यावर बांगचीच कंबर धरली आणि दोघं भिंतीला धरून परत आले.

“खोलीच वर न्यायला पाहिजे,” बांग म्हणाला. सनहीकडे बघायचं त्याने टाळलं.

सनहीला कळलं. ती ग्युहोसमोर जमिनीवर बसली. “सनबे, मी पट्टी उतरवलीय.”

“किती?”

“सात वेळा.”

ग्युहो सोफ्याच्या फाटक्या कडेतला स्पंज चिमटीत धरून बसला. “पायऱ्या वाढल्यात हे कळत होतं मला,” तो म्हणाला. “गाणं तेवढं तेच वाटायचं.”

“तसं वाटावं म्हणूनच.”

“बरं. आता चढव.”

“तुम्हाला झेपणार नाही ती.”

“चढव गं. चारला लोक येतील.”

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर सनहीला बरं वाटलं असतं.

आधी नुसत्या तारा चढवून बघितल्या. खोली ढिम्म हलली नाही. मग त्यांनी ‘मोजे’ सुरू केलं, ग्युहो गायला लागला आणि भिंतीवरचे पाइप खाली सरकायला लागले. खोली एक मजला वर आली. पण ग्युहोचा सूर अर्ध्या स्वराने खालीच राहिला, आणि सुराबरोबर तो स्वतःही खालीच राहिला. फरशीत वीतभर उतरून तो उभा होता.

“दुखतंय?” सनहीने विचारलं.

“नाही. गार आहे.”

तिसऱ्या वेळी तो मांड्यांपर्यंत गेला, पाचव्या वेळी छातीपर्यंत. सनहीने खुंटीवरचा हात काढला. “मी थांबते, सनबे. आपण इथेच वाजवू, पूर्वीसारखं.”

“ऐक,” तो म्हणाला. भिंतीतून गलका यायला लागला होता. “किती असतील?”

“खूप असतील.”

“मग थांबतेस कशाला?”

सहाव्या वेळी फरशी त्याच्या हनुवटीला लागली. माइक धरायला त्याचे हात वर उरले नव्हते, म्हणून सनहीने तो त्याच्या ओठांशी धरला. तिला रडू आवरेना. तिने ते लपवलंही नाही, लपवण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती.

सातव्यांदा तिने सहाही खुंट्या पिळल्या. बांगने ड्रमची कातडी ताणली. खोली वर आली, थांबली, आणि उघड्या दारातून ऊन अकरा पायऱ्या उतरून आत आलं. फरशीवर ग्युहोचे पांढरे केस तेवढे उरले होते. ऊन त्यांच्यावर पडलं. बाहेर गिटार ऐकू गेली असावी, कारण रस्ता एकदम शांत झाला.

फरशीखालून आवाज आला. “सनही-या, तीच पट्टी ना?”

आज तारा पहिल्या दिवशी होत्या तशाच होत्या.

“तीच,” सनही म्हणाली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ती खरं बोलत होती.

बांगने काठ्यांनी चार मोजले. ओळ जवळ आली तशी सनहीने माइक केसांशेजारी आडवा ठेवला आणि त्याचं तोंड दाराकडे फिरवलं. रस्त्यावरच्या लोकांनी ओळ उचलली. ती एकेक पायरी खाली यायला लागली. सनहीने गिटार बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि कान फरशीला लावला.