मोरितासाहेबांच्या काठ्या

हत्यार बदलल्याने हात सुधारत नाही, या मतावर निमोण्याचे पोपटराव एक अख्खा हंगाम ठाम राहिले. आणि मत म्हणून ते चुकीचे होते असे आजही म्हणता यायचे नाही. चूक झाली ती एवढीच, की ज्या हाताविषयी वाद चालला होता, तो हात वाद मिटेपर्यंत थांबणार नव्हता.

तो हात बबनरावांचा. खुटबावचे बबनराव सणसवाडीच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात नोकरीला होते, आणि पोपटरावांच्या जीपगाड्या त्याच कारखान्याला भाड्याने लागत. तिथे मोरिता नावाचे जपानी साहेब होते. सुटीच्या दिवशी त्यांना गोल्फ खेळायला जागा हवी होती, पोपटरावांचा निमोण्याचा माळ पडीक होता, आणि कुसळांत गेलेले चेंडू शोधायला माणसे लागत. साहेब मारीत आणि हे दोघे शोधीत. पुढे साहेबांनी दोघांच्याही हाती काठी दिली, तेव्हा साहेब जसे उभे राहत तसे हे उभे राहिले, ते जशी मूठ वळीत तशी यांनी वळली. दुसरा गुरू त्यांना कधी मिळाला नाही आणि त्यांनी शोधलाही नाही. माळावर खणलेल्या खड्ड्यांना ते गोट्यांच्या खेळातल्याप्रमाणे गल म्हणत, आणि क्लब या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी पत्ते कुटण्याची जागा असा असल्यामुळे, क्लबांना काठ्या म्हणत.

साहेब मायदेशी गेले ते काठ्यांची बॅग मागे ठेवून. देताना त्यांनी ती एकाच्या हाती दिली नाही. पट्टा मधोमध धरून उभे राहिले, आणि दोघांनी हात पुढे केल्यावरच सोडला. तेव्हापासून ती बॅग दोघांनी मिळूनच उचलायची असा पायंडा पडला: रस्त्यापासून माळापर्यंत आणि माळापासून रस्त्यापर्यंत, पट्ट्याला एक हात पोपटरावांचा, एक बबनरावांचा. पाटील घराण्यातला माणूस आणि बौद्ध वस्तीतला माणूस एकच ओझे असे उचलून चालले आहेत, हे गावाने आधी पाहिले, मग त्यावर बोलून घेतले, मग सोडून दिले. दर रविवारी बबनराव भीमेचा पूल ओलांडून मोटारसायकलवर निमोण्याला येत. नोकरी संपली, बायको गेली, मुलगा संघर्ष नोकरीच्या गावी राहू लागला; रविवार तेवढा राहिला.

मग त्यांचा डावा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आधी मोटारसायकल सुटली आणि संघर्ष त्यांना गाडीने आणू लागला. नंतर काठी पेलेना. साहेबांच्या काठ्या पोलादी दांड्याच्या, जड. त्यांच्या मुठीवरचे रबर कधीच दगडासारखे झालेले. संघर्षने आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुचवले, की आता हलक्या दांड्याच्या, मऊ मुठीच्या काठ्या निघाल्या आहेत, आपण त्या घेऊ. बॅग सामाईक असल्यामुळे पोपटरावांचा कौल घेणे भाग होते.

पोपटरावांनी कौल दिला नाही, युक्तिवाद दिला. साहेब याच काठ्यांनी चेंडू ओढ्यापलीकडे घालवीत. तेव्हा दोष काठीत असेल तर तो तेव्हाही असायला हवा होता. उलट दोष हातात असेल, तर नवी काठी तो दोष बरोबर घेऊनच माळावर उतरणार. बरे, हलकी काठी थरथरत्या हातात अधिक थरथरेल की कमी, हे आधी कोणी सिद्ध केले आहे काय? संघर्षने एकदोनदा उत्तर दिले. बबनराव मध्ये पडले नाहीत. पेरण्या झाल्या, बाजऱ्या काढणीला आल्या, दिवाळी होऊन गेली. वाद मात्र जिथल्या तिथे होता.

एका रविवारी मारता मारता बबनरावांच्या मुठीतून काठी सुटली आणि गरगरत बाभळीत जाऊन अडकली. बबनराव स्वतः गेले, काटे चुकवीत काठी काढली, सदऱ्याने पुसली आणि बॅगेत ठेवली. त्या दिवशी त्यांनी पुन्हा काठी मागितली नाही. परतताना पोपटराव संघर्षला म्हणाले, की दुकान कुठे आहे ते बघ.

दुकान पुण्यात होते. जुनी बॅग नमुन्यादाखल बरोबर नेली होती. तिथल्या गौतमी नावाच्या मुलीने बॅगेतली एक काठी उपसली, पाते उलटसुलट करून पाहिले, आणि अदबीने विचारले, "सर, तुम्ही दोघंही डावखुरे आहात का?"

"न्हाई," पोपटराव म्हणाले. "का बरं?"

"हा सगळा सेट डावखुऱ्या माणसाचा आहे."

आता कोणी म्हणेल, इतकी वर्षे हे ध्यानात कसे आले नाही? पण ध्यानात यावे असे त्यात त्यांच्या दृष्टीने काही नव्हतेच. काठीचे पाते एकाच अंगाला सपाट असते, आणि जे अंग सपाट, त्या अंगानेच मारावे लागते. विळ्याचे दातेही एकाच अंगाला कलते पाडलेले असतात. डाव्या हाताच्या माणसालाही तो उजव्या हातात धरायला शिकावे लागते, कारण डाव्या हाताचा विळा लोहार करीतच नाही. हत्यार हात ठरवते, हात हत्यार ठरवीत नाही, हे शेतात वाढलेल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही. टीव्हीवर कधी गोल्फ दिसलाच, तर खेळाडू पलीकडच्या बाजूला उभे असत; त्यावर पोपटरावांचा निकाल असा, की ते डावखुरे असणार, क्रिकेटात नसतात का? साहेबांविषयी तशी शंका दोघांपैकी कोणाच्याही मनाला शिवली नव्हती.

गौतमीने एक नवी, उजव्या हाताची काठी बबनरावांना दिली आणि समोरच्या जाळीपुढे चेंडू मांडला. बबनराव चेंडूच्या दुसऱ्या बाजूला गेले, आणि परक्या घरात उभे राहावे तसे अंग चोरून उभे राहिले. पहिला फटका गालिच्याला लागला. दुसऱ्या वेळी उजवा हात आपसूक खाली उतरला, कमरेने त्याला साथ दिली, आणि चेंडू जाळीच्या ऐन मध्यावर जाऊन आदळला. त्या आवाजाला उपमा शोधण्यात अर्थ नाही. माळावर तसा आवाज कधी झाला नव्हता.

गौतमी म्हणाली, की काकांचा उजवा हात फार छान चालतो, पूर्वी खेळत असतील.

बबनरावांनी नव्या काठीची मूठ रुमालाने पुसली, काठी तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "नको, ताई."

घरी येईपर्यंत पोपटराव बोलत होते, आणि आता ते उलट बाजूने बोलत होते. उजवा हात शाबूत आहे; नव्या काठीत भिस्त उजव्या हातावर आहे; म्हणजे नवी काठी घेणे हेच तर्काला धरून आहे. बबनराव मागे बसून खिडकीबाहेर पाहत होते. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

संध्याकाळी पोपटरावांनी हा सारा प्रकार घरात सांगितला. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई भाकरी थापीत होत्या. त्या हसतील अशी त्यांची अपेक्षा होती.

"मी डावरी," कस्तुराबाई म्हणाल्या. "जन्मभर उजव्या हातानं कापणी केली. मला कुणी इचारलं?" मग तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "पोरगं आखाजीला म्हनत हुतं. तवा आनल्या असत्या, तर त्यो मानूस सा म्हयनं तरी सरळ खेळला असता."

पुढच्या रविवारी पोपटरावांनी माळावर तोच विषय काढला. एका दगडावर दोघे टेकले होते. डॉक्टर काय म्हणतात, असे त्यांनी विचारले.

"दुसऱ्या हातातबी येनार म्हनला."

"त्याला वर्सं जात्यात. कवा म्हनला?"

"त्ये न्हाई म्हनला."

"मंग तवर तरी नवी घ्या की. हाय तवर खेळा. माझी चूक झाली, बबनराव."

बबनरावांनी काठीच्या पात्यावरची माती खरवडली. मग म्हणाले, "त्यो एक टोला बसला तवा मला कळलं, पोपटराव, मी खेळलो असतो. चांगला खेळलो असतो. नवी काठी आनली, की दर रयवारी त्येच कळत ऱ्हानार. आन् ह्यो हातबी गेला, की मंग काय म्हनू? ही जुनी हाय तवर, चुकलं तर म्हनता येतंय, काठीच उलटी हाय."

या बोलण्यात दोष काढता आला असता. चुकीला सबब मिळावी म्हणून चूकच जपून ठेवणे, याचे खंडन पोपटरावांनी इतर कोणाच्या बाबतीत चार वाक्यांत केले असते. ते उठले आणि चेंडू मांडून बाजूला झाले.

तेव्हापासून माळावर एक नवा रिवाज सुरू झाला. बबनरावांचा फटका हुकला, की पोपटराव म्हणत, "काठीच उलटी." बबनराव म्हणत, "तर काय." स्वतःचा हुकला तरी पोपटराव तेच म्हणत, आणि बबनराव त्यांना टोमणा मारीत, की तुम्हाला बोलायला काय झालं, तुमचे तर दोन्ही हात वकिलाचे. चेंडू कुसळांत जात, दोघे वाकून शोधीत, सापडला तर सापडला. हसणे पूर्वीइतके होई. पोपटरावांना अधूनमधून असेही वाटू लागले, की हे असेच काही काळ चालेल.

ज्वारी हुरड्यात आली होती, त्या रविवारी संघर्षने गाडीचे दार उघडून धरले आणि बबनरावांना उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागला. पोपटरावांनी पाहिले ते न पाहिल्यासारखे केले. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपल्या आपण घासत होता, चिमटीत मीठ धरून सोडावे तसा.

माळावर बबनराव चेंडूपुढे उभे राहिले, साहेब उभे राहत त्याच बाजूला. काठी वर गेली, खाली आली आणि चेंडूच्या वरून निघून गेली. पुन्हा गेली, पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या वेळी पाते चेंडूला जेमतेम लागले, आणि चेंडू वळून त्यांच्याच पायाशी येऊन थांबला.

"काठीच उलटी," पोपटराव म्हणाले.

बबनराव चेंडूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "न्हाई ओ. काठी बराबर हाय."

पोपटरावांनी वाकून चेंडू उचलला, खिशात घातला, आणि काठी बबनरावांच्या हातून घेऊन बॅगेत ठेवली. बॅग त्यांनी एकट्याने खांद्याला लावावी असा विचार केला असावा, कारण त्यांचा हात पट्ट्याच्या मधोमध गेला होता. पण बबनरावांनी आपला उजवा हात पुढे केला, आणि पोपटरावांनी पट्टा सरकवून त्यांच्यापुरती जागा करून दिली.

दोघे रस्त्याकडे चालू लागले. बबनरावांचा हात पट्ट्यावर होता, आणि पट्ट्यातून ती थरथर बॅगेत उतरत होती. आतल्या काठ्या एकमेकींवर आपटून बारीक वाजत होत्या. पोपटरावांनी आपल्या बाजूने पट्टा घट्ट ओढून धरला, पण वाजणे थांबले नाही. गाडीपर्यंत त्या वाजत राहिल्या.