शिंप्याच्या कपाटातली तेफिलिन

मित्रांनो, मी एक जुनी तेफिलिनची जोडी आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. काळ्या चामड्याच्या दोन डब्या, प्रत्येकीला लांब पट्टा, एवढाच माझा संसार. आमच्या ज्यू लोकांत पुरुष सकाळच्या प्रार्थनेला एक डबी दंडावर आणि दुसरी डोक्यावर बांधतात. एका लेखनिकाने चर्मपत्रावर धर्मवचनं लिहून माझ्या पोटात घातली आणि टाके घालून मला बंद केलं.

माझा धनी शिंपी होता. तीस वर्षं त्याने मला बांधलं, पुसलं, काळं करून चमकवलं. पाहुणे कौतुक करत, तेव्हा मी त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवून असे. उगाच कुणी कुणाचं कौतुक करत नाही.

धनी गेला आणि रीतीप्रमाणे मी मुलाकडे आले. "उद्यापासून बांधतो," म्हणत त्याने मला कपाटाच्या तळाशी, ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवलं. तो उद्या काही उजाडला नाही.

एका सकाळी कपाट करकरलं. धन्याची मुलगी होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; ही तर श्वाससुद्धा दबकत घेत होती. मला वाटलं, झालं, विकायला काढलं. पण तिने बाही वर सारली आणि पट्ट्याचे सात वेढे हातावर अगदी बापासारखे घेतले. तरी मी म्हटलं, आज बांधते, उद्या विकेल. कित्येक महिने मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पाळत ठेवली.

मग एकदा कापड बेतताना तिची बाही सरकली. धन्याचं दुकान आता तिची आई चालवायची. पुरुषी घाटाचा कोट ती बाईला कधी शिवून देत नसे, कारण पुरुषाचा पोशाख बाईने घालू नये असा आमचा नियम आहे.

"हे कसले वळ?" आईने विचारलं.

"बाबांच्या तेफिलिनचे."

"ती पुरुषांची वस्तू. कुणी सांगितली तुला ही उठाठेव?"

"दुकान उघडताना तू बाबांचा कोट घालतेस, तो कुणाचा?"

"थंडीसाठी घालते. तेवढं चालतं."

"बाबा गेल्यापासून मला प्रार्थनाच म्हणवत नव्हती, आई. हे बांधलं की म्हणवते."

दुसऱ्या दिवशी मला आणि दोन्ही मुलांना घेऊन आई लेखनिकाकडे गेली. आता मला पोरीपासून तोडणार, अशी माझी खात्रीच झाली.

"बायकांवर याचं बंधन नाही," लेखनिक म्हणाला. "काही पंडित मनाई करतात, काही म्हणतात अडवू नका. मी नुसता लिहिणारा. निवाडा मला नका विचारू." त्याने माझे टाके उसवले. आतली अक्षरं ओलीने फुटली होती. "एक अक्षर फुटलं तरी जोडी बाद. ही बादच आहे."

मुलीचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगावर संशय घेत बसले आणि कुजले होते मीच.

"नवीन लिहून घालतो," तो म्हणाला. "पण डोक्याच्या पट्ट्याची गाठ मापाची लागते. माप कुणाचं घेऊ?"

सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. आता हा भिडेने "माझं" म्हणेल आणि मी पुन्हा कपाटात जाईन, असं मला वाटलं.

आईने गळ्यातली टेप काढली आणि मुलीच्या डोक्याभोवती धरली. गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं माप तिने दोनदा वाचलं.

"लिहून घ्या," ती लेखनिकाला म्हणाली. "आणि गाठ नीट बसवा. हिचे केस फार निसटतात."

मित्रांनो, तुमच्या घरात असं काही जुनं असेल, तर ते कुणाच्या वाटणीचं हे मागाहून बघा. रोज त्याला हातात कोण घेतं, ते आधी विचारा.