बिनबॅटरीची गाडी

आमच्या गाडीने चार लाख किलोमीटर ओलांडले तेव्हा मुलीने फोनवरून निकाल देऊन टाकला, की आई, आता तिला भंगारात काढ. सांगणं सोपं होतं. औषधांच्या नमुन्यांची बॅग मागे टाकून गावोगावी फिरत ह्यांनी अर्धं आयुष्य त्या गाडीत काढलं, आणि संसारात मला जेवढं कौतुक मिळालं नाही तेवढं तिच्या पत्र्याला मिळालं. गाडी हायब्रिड, म्हणजे वेग कमी झाला की इंजिन गप्प बसायचं आणि ती बॅटरीवर मांजराच्या पावलांनी घरी यायची. वाटेतला तो शांत तुकडा ह्यांना फार प्रिय. अलीकडे मात्र घरी पोहोचलो की हे धापा टाकत आणि बराच वेळ सीटवरून उठत नसत. गाडीचं आणि तुमचं, दोघांचंही वय झालंय, असं मी थट्टेने म्हणत असे.

विकायची की दुरुस्त करायची हे ठरवण्यासाठी ओळखीच्या गॅरेजवाल्याला घरीच बोलावलं. त्याने मागची सीट उचलली आणि आत बघतच राहिला.

"काकू, मोठी बॅटरी कुठंय?"

"असेल की तिथेच."

"नाहीये. काढून किती वर्षं झाली कुणास ठाऊक, कोळिष्टकं धरलीत आत. ही सुरू तरी कशी होते?"

"अरे, इंजिन बंद असतानाही चालते. कालच बाजारातून आलो."

त्याने सीट पुन्हा जागेवर बसवली. हे पायरीवर बसून ऐकत होते. मी पाहिलं तशी त्यांनी नजर चुकवली, चोरून साखर खाताना सापडले की चुकवतात तशी.

ह्यांच्या धापांचा अर्थ मला तिथेच लागला आणि माझं ठरलं. गाडीवर माझा राग नव्हता, पण मला माझा माणूस हवा होता. दुसऱ्या दिवशी ह्यांचा डोळा लागलेला पाहून मी एकटीच गाडी घेऊन भंगारवाल्याकडे निघाले. चौक ओलांडून मी वेग कमी केला आणि इंजिन गप्प झालं. गाडी सरकत राहिली. माझ्या पोटऱ्या भरून आल्या, खांदे जड झाले, झोपलेलं मूल कडेवर घेऊन चढ चढताना होतात तसे. खरं सांगते, वाईट वाटलं नाही. कुणीतरी निर्धास्तपणे अंगावर रेललं होतं. भंगारवाल्याच्या फाटकापाशी हॉर्न वाजवायला हात उचलला, तो नुसताच स्टीअरिंगवरून फिरत राहिला. मी गाडी वळवली.

घरी आले तर हे दारात उभे, कित्येक महिन्यांत नव्हते इतके ताजेतवाने. मी आत येऊन पहिल्या खुर्चीत बसले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"दिली नाहीस?"

"नाही जमलं."

"दमलीस?"

मी मान हलवली. ते शेजारी बसले आणि माझे पाय मांडीवर घेऊन हळूहळू चेपू लागले.

"उद्यापासून वाटून घेऊ," ते म्हणाले. "जाताना तू, येताना मी."