काठीनं दाखवलेला पाय

बारामतीच्या दवाखान्यात सन छत्तीसच्या हिवाळ्यात महारोग्यांच्या शुश्रूषेचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा निमगाव केतकीची सारजा आपणहून आली. नवरा झुंबर नऊ वर्षं त्याच रोगानं झिजला होता आणि दोन वर्षांपूर्वी गेला होता. तिला वाटलं, आपल्याला कोण काय शिकवणार?

शिकवायला होता मानसिंगराव. डॉक्टरांचा मदतनीस, कडक इस्त्रीचा कोट, नाकाला रुमाल. रोगी ओसरीच्या खाली आणि हा वर खुर्चीत. जे दाखवायचं ते काठीच्या टोकानं. दहा दिवसांत त्यानं एका माणसाला बोट लावलं नाही. ह्या रोगावरच्या कडू कवठीच्या तेलाची सुईसुद्धा डॉक्टर आले की तेच टोचायचे.

"रोग बोटं खात नाही," तो काठी आपटून सांगे. "पाय बधिर होतो, म्हणून जखम कळत नाही. जखम बोटं खाते. रोज पाय पाहा."

सारजा तोंड फिरवून बसे. 'ह्या भेकडानं मला पाय बघायला सांगावं? नऊ वर्षं मी काय आभाळ बघत हुते?' शेजारी बसलेली बारामतीची द्वारकाबाई सगळं पाटीवर उतरवून घेई. सारजाला तिचीही कीव येई.

अकराव्या दिवशी कळसच्या गुऱ्हाळावर राबणारा कुंडलिक आला. तिशीतला गडी. मैलोगणती चालत आला होता आणि पान चघळत मजेत बसला होता.

"ह्याचा पाय कोण तपासतं?" मानसिंगराव खुर्चीतूनच म्हणाला.

द्वारकाबाईनं पदर नाकाला लावला. सारजा उठली, खाली उतरली, कुंडलिकची चप्पल काढून तिनं त्याचा पाय सरळ मांडीवर घेतला. कोमट पाण्यानं धुतला, फडक्यानं टिपला. सगळे बघतायत हे तिला ठाऊक होतं.

"निर्मळ हाय," ती म्हणाली.

"चप्पल उलटी करा."

तिनं तुच्छतेनं चप्पल उलटी केली. तळाला बाभळीच्या काट्याचं बूड रुतलेलं होतं. आतून हात फिरवला, तर टोक मोडलेलं. तिनं पाय पुन्हा उचलला. टाचेपुढं तिळाएवढा काळा ठिपका. दाबला, तसा पिवळा पू तिच्या अंगठ्यावर आला. कुंडलिक पान चघळतच होता.

"कवा रुतला रं?"

"काय रुतलं? मला काय बी कळलं न्हाय, आक्का."

"तुम्ही पाय धुतलात, बाई," वरून आवाज आला. "पाहिला नाहीत."

सारजानं अंगठ्यावरचा पू फडक्याला पुसला. झुंबरचा पाय ती रोज सकाळी कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची, चिंधी बांधायची आणि त्याला मळ्यात पाठवायची. त्याची चप्पल तिनं नऊ वर्षांत एकदाही उलटी केली नव्हती. एकेक बोट गेलं, तसं ती रोगाला शिव्या देत राहिली.

मग तिचा राग उसळला. "पहिल्या दिशीच हितं खाली उतरून हातानं दावलं असतं, तर कळलं असतं! काठीनं दावलेलं कुणाला दिसतंय, सायेब?"

मानसिंगराव लाल झाला. "मला बायकापोरं आहेत."

"आन् आमाला काय कुत्रीमांजरं हायत?"

तो उठून आत गेला. सारजानं सुई तापवून काटा काढला. तो माणूस तिच्या मनातून उतरला तो उतरलाच. पण त्यानं सांगितलेलं खरं होतं, आणि ते तिनं त्याच्या रुमालापायी दहा दिवस कानाआड केलं होतं. ह्यापायी तिला त्याच्यापेक्षा स्वतःचीच चीड जास्त आली.

पुढं इंदापूरच्या आठवड्याच्या बाजारादिवशी ती एका पडवीत रोग्यांचे पाय बघू लागली. कुंडलिक येई, जखम भरत आली होती. बाकी सहा दिवस घरी कोण बघणार, म्हणून तिनं त्याच्या बायकोला, साखरबाईला बोलावून घेतलं. ती आली आणि पडवीबाहेरच थांबली.

"मी हात लावायची न्हाय, आक्का. मला भ्या वाटतं."

नवऱ्यापासून चार हात लांब उभी बाई बघून सारजाच्या जिभेवर शिवी आली. असल्यांशी बोलूच नये, असं तिला वाटलं. तरी ती बोलली.

"नगं लावू. तितनंच बघ. पर रोज बघ."

कुंडलिकनं पाय वर केला. साखरबाई जरा वाकली. डोळे बारीक करून तिनं बराच वेळ पाहिलं.

"अंगठ्याच्या बुडाला लाल दिसतंय."

सारजानं वाकून पाहिलं. चपलेची वादी तिथं घासली होती. कातडी नुकती कुठं सुटू लागली होती. तिच्याही नजरेतून ते निसटलं होतं.

"व्हय, हाय," ती म्हणाली. "आता आत ये, त्या घागरीतलं पाणी आण पाय धुवाया."