अभिमन्यूची जनावरं

"ह्यो कोणता, बघा," म्हणत विमलबाईने पोत्यातून एक जनावर काढलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

अभिमन्यूने त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. पाठीवर उभ्या पाट्यांची रांग, शेपटीच्या टोकाला काटे, आणि एवढ्या धुडाला डोकं मात्र सुपारीएवढं.

"स्टेगोसॉरस," तो म्हणाला. "रंग कसा हाय? हिरवा का तपकिरी?"

"हिरवा. एक पाटी मोडल्याली हाय."

"मंग त्यो हैदराबादचा. दुसरा रॅक, मधली फळी."

सिरसाळ्यात रस्त्याला लागून असलेल्या त्या दुकानात सकाळपासून हेच चाललं होतं. शटर अर्धं वर होतं. जमिनीवर पोती, खोकी, पत्र्याच्या पेट्या आणि त्यांच्यातून बाहेर पडलेला एवढा पसारा, की पाय ठेवायला जागा नव्हती. लांब मानेचे, तीन शिंगांचे, चामड्याच्या पंखांचे, केसाळ हत्ती, खंजिरासारख्या सुळ्यांचे वाघ. काही रबराचे, काही प्लास्टिकचे, काही जड आणि हाताने रंगवलेले. किती होते ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

याच दुकानात अभिमन्यूने सगळं आयुष्य मोटारी भरल्या होत्या. विहिरीवरची, बोअरची, पिठाच्या गिरणीची, कुठलीही जळालेली मोटार आली की ती उघडायची, काळी पडलेली कॉइल उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायची. मोटार अभिमन्यू मिस्त्रीने भरलीय म्हटलं की आसपासच्या गावांत पुढे कुणी काही विचारत नसे. मग शुगर डोळ्यांत उतरली. आधी तारेवर एक धूसर ठिपका दिसायचा, पुढे ठिपकाच उरला आणि तार दिसेनाशी झाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी लेसर केलं आणि सांगितलं, आहे तेवढी नजर राखू, गेलेली परत यायची नाही. आता त्याला उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, डोळ्याच्या कडेने थोडंफार दिसायचं. समोर मात्र नुसतं धुकं.

दुकान त्याने स्वतःच बंद केलं होतं. नाथा नावाच्या शेतकऱ्याची मोटार त्याने भरून दिली आणि ती विहिरीत सोडल्यासोडल्या जळाली. नाथा भांडायला आला नव्हता, पुन्हा भरून घ्यायलाच आला होता. पण अभिमन्यूने मोटार उघडून आत बोटं घातली तेव्हा एका जागी तार तारेवर चढलेली त्याला लागली. माझ्या हातून झालंय, असं त्याने नाथाला सरळ सांगितलं, दुसऱ्या मिस्त्रीकडून ती नीट भरून आणून दिली आणि त्याच संध्याकाळी दुकानावरची पाटी उतरवली.

जनावरांचा नाद त्याहून जुना. लेक प्रियदर्शनी लहान असताना परळीला महाशिवरात्रीच्या जत्रेत त्याने तिला एक रबरी डायनासोर घेऊन दिला होता. पोरीचं मन आठवड्यात उडालं, बापाचं उडालं नाही. हे कुणी मनाने रचलेले राक्षस नव्हेत, खरंच या जमिनीवर हिंडले होते, हे कळलं तेव्हा त्याने ते रबरी जनावर पुन्हा हातात घेऊन निरखून पाहिलं. दगडात राहिलेल्या हाडांवरून माणसांनी त्यांचे आकार जुळवले, ही गोष्ट त्याला लगेच पटली. जळालेल्या मोटारीच्या आत काय घडलं असेल, ते तोही काजळीवरूनच ओळखायचा. तेव्हापासून तो कुठंही गेला की एखादं जनावर घेऊन यायचा. ट्रकवाली गिऱ्हाइकं त्याच्यासाठी लांबलांबून आणायची. मोडकं मिळालं तरी तो घ्यायचा आणि मोटारीच्या वार्निशने सांधायचा. लेकीला नोकरी लागली तेव्हा तिने बाहेरच्या देशातले, मापात बनवलेले मागवून दिले.

विमलबाईला या सगळ्याची लाज वाटायची. तिच्या माहेरच्या पेटीतल्या साड्या बाहेर निघाल्या आणि तिथं गेंडे भरले गेले, तेही तिने सोसलं. पण पाहुणे यायचे असले की ती एकूणएक जनावर पलंगाखाली सारायची. कुणाला दिसलंच तर पोरीची खेळणी आहेत म्हणायची. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली तरी तेच म्हणायची.

दुकान बंद झाल्यावर अभिमन्यू घरात नुसता बसून राहू लागला. विचारलं तेवढंच बोलायचा. दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्या, असं विमलबाईच्या भावाने सुचवलं, तेव्हा त्याने मानही हलवली नाही. एका दुपारी विमलबाई शेजारून घरी आली तर हा पलंगाखालची खोकी ओढून जमिनीवर बसलेला. मांडीवर एक तीन शिंगांचं जनावर होतं आणि तो त्याच्या शिंगांच्या टोकांवरून बोट फिरवत होता. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा मोकळा झालेला तिने पाहिला. ती दारातच उभी राहिली, आणि मग म्हणाली, "दुकान मोकळंच हाय की. तितं मांडा समदे."

मोटारींच्या सुट्या भागांसाठी केलेले लोखंडी रॅक होतेच. तिने ते घासून काढले, त्याने चाचपून चाचपून रंग दिला. कोण कुठं उभा राहायचा हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. दाराजवळ समुद्रातले, कारण सगळ्यांच्या आधी ते झाले. गोमीसारख्या अंगाचे किडे, चिलखती मासे. मग जमिनीवर आलेले, मग डायनासोर, आणि अगदी शेवटी केसाळ हत्ती आणि वाघ.

विमलबाईला हे पटत नव्हतं. मोठी, देखणी जनावरं आत आणि किडे दाराशी, मग रस्त्यावरचा माणूस आत येईल कशाला, असं तिचं म्हणणं. दोघांची त्यावरून चांगली जुंपली. शेवटी दाराशी किडेच राहिले, पण सगळ्यात मोठा लांब मानेचा रॅकच्या वर, रस्त्यावरून दिसेल असा उभा करायचा, एवढं तिने कबूल करून घेतलं.

दुसरं भांडण रिकाम्या फळीवरून झालं. डायनासोर संपले आणि पुढची फळी अभिमन्यूने मोकळी ठेवायला सांगितली. खोक्यात अजून केवढे तरी शिल्लक होते. त्याचं लक्ष नाही असं पाहून विमलबाईने त्या फळीवर गेंडे लावून टाकले. संध्याकाळी तो हात फिरवत तिथवर आला आणि थांबला.

"हे कावून ठिवलं इतं?"

"मोकळं फळकूट बघून लोकं म्हणतील, माल संपला."

"संपलाच व्हता," तो म्हणाला. "आभाळातून धोंडा पडला, विमल. आन् हे एवढाले दांडगे गेले. पुढं कित्येक वर्सं मोठं असं कायी उरलंच न्हाई. ते लोकांला दिसाया नको?"

विमलबाईने गेंडे एकेक करून उचलले. मग ओला फडका घेऊन ती मोकळी फळी पुन्हा पुसून काढली, तिच्यावर जणू कुणी बसायचंच आहे.

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून जायला लागल्या की दुकान हादरायचं आणि वरच्या फळीवरची जनावरं धडाधड खाली यायची. त्यावर उपाय अभिमन्यूनेच काढला. मोटारींची उरलेली बारीक तार होती. प्रत्येक जनावराच्या मागच्या एका पायाला तिचा वेढा घालून त्याने ती फळीच्या भोकातून खाली ओढून पिळली. हे काम त्याला डोळ्यांविना येत होतं. कितीतरी महिन्यांनी त्याच्या बोटांना तांब्याची तार लागली होती. विमलबाई एकेक जनावर जागेवर धरायची आणि तो पिळायचा. काम संपलं तेव्हा तो पहिल्या रॅकपासून शेवटच्या रॅकपर्यंत हात लावत गेला आणि एकालाही न चुकता त्याने नावाने हाक मारली.

बाजाराच्या दिवशी उघडायचं ठरलं. गावचे पुढारी सुंदरराव फीत कापणार होते. त्यांनी आपणहून निरोप धाडला होता, बॅनरही तेच लावणार होते. अभिमन्यूला त्याचं अप्रूप होतं. तो पोरसवदा मिस्त्री असताना, कुणी कामही द्यायला तयार नव्हतं तेव्हा, सुंदररावांनी आपल्या विहिरीवरची मोटार त्याच्या हवाली केली होती.

आदल्या दिवशी सुंदरराव बघायला आले. दोन माणसं बाहेर उभी करून ते एकटेच आत आले. सगळे रॅक त्यांनी नीट पाहिले, प्रश्न विचारले, दोनदा मनापासून हसले. मग वरच्या लांब मानेच्या जनावरापाशी थांबले.

"अभिमन्यू, ह्यो माझ्या नातीला दे. तिचा वाढदिवस हाय परवा. तुला ह्याच्यापरीस मोठा मागवून देतो."

दुसरा कुणी असता तर अभिमन्यूने हसून टाळलं असतं. सुंदररावांना नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. त्याने खिशातून पक्कड काढली, स्टुलावर चढला आणि त्या जनावराचा मागचा पाय हाताने शोधू लागला.

विमलबाई पुढे झाली आणि तिने त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली.

"न्हाई देता येनार, अण्णा," ती म्हणाली. "ह्यांला दिसत न्हाई. जागंवरून वळखतेत. एक हाललं की समदंच हालंल. नातीला घिऊन या, हातात धरू द्या, पायजे तितका येळ बसू द्या. पर घरी न्हेता येनार न्हाई."

सुंदररावांना नकार ऐकायची सवय नव्हती. ते नुसतं बरं म्हणाले आणि बाहेर पडले. गाडीचं दार जोरात लागलं.

अभिमन्यू स्टुलावरून उतरला. उद्या कुणी यायचं नाही, असं तो म्हणाला. रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

"नाय आलं तर नाय आलं," विमलबाई म्हणाली. "मी हाय की बघाया."

सकाळी बॅनर लागला नाही. सुंदररावही आले नाहीत. ऊन वर येईपर्यंत वाट पाहून विमलबाईने फीत सोडली, घडी घालून ठेवली आणि शटर पूर्ण वर केलं. ओळखीची माणसं रस्त्यावरून जाताना आत डोकावायची आणि पुढे जायची. पुढाऱ्यांनी कार्यक्रम टाळलाय हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. अभिमन्यूने नवा शर्ट घातला होता. तो दाराच्या आत हात मागे बांधून उभा होता आणि कुणाची सावली पडली की ताठ व्हायचा.

पहिली आत आली ती छबुबाई. मेंढरं राखणारी म्हातारी, बाजारातून परत निघालेली. मेंढरं तिने समोरच्या लिंबाखाली नातवाच्या हवाली केली, वहाणा बाहेर काढल्या आणि देवळात शिरावं तशी आत शिरली. किड्यांकडे, डायनासोरांकडे तिने फारसं पाहिलं नाही. केसाळ हत्तीपाशी मात्र थांबली. त्याच्या अंगावरच्या कोरीव केसांवरून तिने हात फिरवला आणि अभिमन्यूला विचारलं, "ह्याची लोकर कातरीत व्हते का?"

अभिमन्यू हसला. त्याने तिला सगळं सांगितलं. तेव्हाची थंडी, तो बर्फ, त्या हत्तीच्या मागावर असलेली माणसं. म्हातारीने आणखी विचारलं, त्याने आणखी सांगितलं. ती बाहेर गेली आणि लिंबाखाली टेकलेल्या बायकांना काहीतरी बोलली. त्या उठून आल्या. त्यांच्यामागे त्यांची पोरं, पोरांना शोधत आलेले बाप, भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं. दुपार टळायच्या आत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. नाथाही येऊन गेला. त्याने रॅकखालच्या तारेचे पीळ वाकून पाहिले आणि अभिमन्यूच्या खांद्यावर हात ठेवला.

गर्दी वाढली तशी अभिमन्यूची पंचाईत झाली. हात पुढे केला की कुणाचा तरी चेहरा लागायचा. एक लहान मूल त्याच्या पायात येऊन पडलं, तेव्हा तो भिंतीला धरून बाहेर आला आणि दुकानापुढच्या बाकावर बसला. आतल्या लोकांना आता कोण सांगणार, हाच विचार त्याच्या मनात होता.

तेवढ्यात त्याला विमलबाईचा आवाज ऐकू आला.

आधी ती हळू बोलत होती, अडखळत. मग कुणीतरी मागून मोठ्याने बोला म्हणालं आणि तिने आवाज चढवला. "हे समदे पाण्यातले. तवा जिमिनीवर गवताची काडी बी नव्हती." त्याने तिला वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलेलं ती तिच्या बोलीत सांगत होती. त्याने कधी न सांगितलेलंही मधे घालत होती. या जनावराची आई अंडी घालून निघून जायची आणि ही दुसरी मात्र राखत बसायची, हे ती असं सांगत होती, की बायका हसत होत्या. मग कुणीतरी विचारलं, हे सगळं जमवलं कुणी? ती म्हणाली, "आमच्या मालकांनी. मोटारी भरत व्हते नव्हं, त्येच."

बाकावर कुणीतरी येऊन बसलं. अत्तराच्या वासावरून अभिमन्यूने ओळखलं. त्याने उठायला सुरुवात केली, तर सुंदररावांनी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

"नातीनं जीव खाल्ला माझा," ते म्हणाले. "दुपारच्या सुट्टीत पोरी इतं यिऊन गेल्या, शाळंत समद्या तेच सांगून ऱ्हायल्यात म्हणं." त्यांच्या मांडीवरची नात पाय हलवत होती, तिच्या बुटाचं टोक अभिमन्यूच्या गुडघ्याला लागत होतं.

दारातल्या कुणीतरी सुंदररावांना पाहिलं आणि आत कुजबूज झाली. विमलबाईचा आवाज क्षणभर थांबला. अण्णा आलेत, त्यांना पुढे घ्या, असं कुणीतरी म्हणालं. विमलबाईने ते ऐकलं असावं. पण तिने सोडलेलं वाक्य होतं तिथूनच पुन्हा उचललं.

"आन् ह्यो बघा, ह्यो उडनारा डायनासोर."

अभिमन्यूची मान एकदम वर झाली. उडणारे ते डायनासोर नव्हेत. त्यांचे भाऊबंद म्हणा फार तर, पण जात वेगळी. हे त्याने तिला दोनदा समजावून सांगितलं होतं. तो बाकावरून अर्धवट उठला.

"काय झालं?" सुंदररावांनी विचारलं.

आत कुणीतरी पोराला उचलून वर धरलं होतं. विमलबाई त्याला पंख किती लांब ते सांगत होती. तिने आपलेच दोन्ही हात पसरले असावेत, कारण बांगड्या वाजल्या आणि लोक मागे सरकल्याचा आवाज आला.

"कायी न्हाई," अभिमन्यू म्हणाला आणि पुन्हा टेकला. "आत गर्दी हाय, अण्णा. बसा थोडं. येईल तुमचा बी नंबर."